पाचवी कुंडी

देसले मॅडमनी मला कधी नावानं हाक मारली नाही. कॉलेजात त्या वनस्पतिशास्त्र शिकवायच्या आणि मी मराठी, म्हणून मी 'मराठी'. प्राचार्य मूळचे भूगोलाचे, तर ते त्यांच्या पाठीमागे 'भूगोल'. धुळ्यातल्या देवपुरात आमची घरं भिंतीला भिंत लागून. माझ्या बायकोचा उल्लेख त्या सुरुवातीला 'मराठीच्या घरचे' असा करत. ती शाळेत गणित शिकवते हे कळल्यावर तिला 'गणित' अशी बढती मिळाली आणि मी गणिताच्या घरचा झालो.

अंगानं काटकुळ्या, उंच. सुती साडी आणि साडीखाली कॅनव्हासचे बूट. चालताना दोन्ही हात पाठीमागे, एका हाताचं मनगट दुसऱ्या हातात घट्ट धरलेलं. ही नुसती लकब नव्हती, नियम होता. सहलीला नेलेल्या मुलांना रानात पाऊल टाकण्याआधी पहिली आज्ञा हीच : "हात मागं!" डोळ्यांनी काय बघायचं ते बघा, वाका, गुडघे टेका, पालथे पडा, पण हात मागं. मुलांनी त्यांचं नावच 'हातमाग' पाडलं होतं. धुळ्यात यंत्रमाग पुष्कळ, हातमाग एकच, असं पोरं म्हणायची. हे नाव त्यांना माहीत होतं. एकदा फळ्यावर कुणीतरी ते लिहून ठेवलं, तर त्यांनी 'हातमाग'मधल्या 'ग'वर अनुस्वार दिला आणि तास सुरू केला.

चुकीचं वाक्य त्यांच्या कानावरून सुखरूप जात नसे. कॉलेजच्या स्नेहसंमेलनात निवेदक पाहुण्यांना म्हणाला, "ऑर्किडचा हा सुंदर गुच्छ स्वीकारावा." तिसऱ्या रांगेतून मॅडम उठल्या आणि म्हणाल्या, "जरबेरा." निवेदक हसला. सभागृह हसलं. पाहुणे गुच्छ घेऊन बसले, पण मॅडम बसल्या नाहीत. शेवटी निवेदकानं माइकवरून, "जरबेराचा गुच्छ स्वीकारल्याबद्दल आभार" असं म्हटलं, तेव्हा त्या बसल्या. भूगोल त्या दिवशी घामाघूम झाले होते. मी नंतर त्यांना म्हटलं, "मॅडम, कोणाचं काय बिघडलं असतं?" त्या म्हणाल्या, "जरबेराचं."

ऑर्किडवर त्यांचा जीव होता, म्हणून तर हे. मराठीत तिला आमरी म्हणतात हेही मला त्यांनीच शिकवलं, आणि मी मराठीचा असून मला ते ठाऊक नव्हतं हे सगळ्या स्टाफरूमला सांगितलं. सगळ्या आमऱ्यांमध्ये त्यांची एक लाडकी होती, वाघचौरा. साक्रीच्या पलीकडे डोंगरावर एक पठार आहे, झाड नाही, झुडूप नाही, नुसतं गवत. त्या पठाराच्या एका खोलगट तुकड्यात श्रावण-भाद्रपदात तो फुलायचा. गवतातून वर आलेला एकच सरळ दांडा, त्यावर चार-पाच पांढरीशुभ्र मोठी फुलं. बाजूच्या पाकळ्यांना पिसासारखी झालर आणि मागे बोटभर लांब हिरवी शेपटी, त्या शेपटीत मध. संध्याकाळ झाली की वास सुटायचा. आसपासचे बाकीचे डोंगर मॅडमनी वर्षानुवर्षं पालथे घातले होते, पण त्यांना तो दुसरीकडे कुठं सापडला नव्हता.

दर भाद्रपदात मी त्यांना तिथं घेऊन जायचो. माझ्याकडे गाडी होती, हा माझा दोष. पहिल्याच खेपेला मी विचारलं, "मॅडम, एवढं आवडतं तर अंगणातच का लावत नाही?" वाटेतलं कुसुंबा गाव येईपर्यंत त्या खिडकीबाहेरचं गवत बघत होत्या. मग म्हणाल्या, "मराठी, याचं बी बघितलंय? पावडर असते. त्या दाण्यात स्वतःचं खायला काही नसतं. मातीत एक बुरशी असते, ती त्याला भरवते, तेव्हा कुठं ते उगवतं. ती बुरशी त्या गवताच्या मुळांशी राहते, त्या मातीत राहते. तुम्ही फूल घरी न्याल. त्याची दाई कशी न्याल?"  थोड्या वेळानं त्या पुन्हा म्हणाल्या, "आणि बी पडल्यापासून फूल यायला कितीतरी वर्षं लागतात. तुमच्या विद्यार्थ्यांना प्रश्नाचं उत्तर लगेच पुढच्या पानावर लागतं."

सोनवणे नावाचा एक विद्यार्थी होता, त्या पठाराखालच्याच गावचा. एका शिक्षक दिनाला बाकीच्या मुलांनी गुलाब आणले, पेनं आणली. सोनवणे पहाटेची एसटी धरून ओल्या गोणपाटात गुंडाळलेला वाघचौरा घेऊन आला. मुळासकट. मॅडमना कोणतं फूल आवडतं हे त्यानं सहलीत पाहिलं होतं, आणि ते आपल्या गावचं आहे याचा त्याला केवढा अभिमान. त्यानं ते भर वर्गात टेबलावर ठेवलं. मी व्हरांड्यातून जात होतो, म्हणून मला दिसलं. मॅडमनी गोणपाट उघडलं. फुलं अजून टवटवीत होती.

"हे काय आहे?"

"मॅडम, वाघचौरा."

"चूक. हे वाघचौऱ्याचं प्रेत आहे. जिथून आणलंस तिथं नेऊन पूर."

पोरगा ते उचलून गेला तो कितीतरी दिवस तासाला फिरकला नाही. मी मॅडमना म्हटलं, हे जरा जास्तच झालं. त्या म्हणाल्या, "जास्त झालं असेल. चूक झालं का?" त्यांच्याशी वाद घालण्यात अर्थ नसायचा, कारण त्या समोरच्याचे शब्द मोजून ठेवत आणि ते संपले की त्यालाच दाखवत.

त्यांना न घाबरणारं माणूस साऱ्या देवपुरात एकच होतं, ते त्यांच्याच घरात राहायचं. त्यांची थोरली बहीण, अक्का. मॅडमनी लग्न केलं नव्हतं आणि अक्काचे यजमान लवकर गेले, तेव्हापासून दोघी एकत्र. माहेर शिंदखेडा तालुक्यातलं, पाण्याची ओरड असलेलं गाव. घरात दोन मुली आणि विहीर लांब. एकीनं पाणी भरायचं, एकीनं शाळेत जायचं, असं ठरलं, आणि अक्का थोरली होती. मॅडमनी हे कधी सांगितलं नाही. अक्का मात्र हसत हसत सांगायची, "माले घागर भेटनी, इंदूले पाटी भेटनी." तिच्या टाळूवर, चुंबळ ठेवायच्या जागी, केस विरळ होते. तिथं बोट ठेवून ती म्हणायची, "हाई मन्ही शाळा."

उन्हाळ्यात अक्काच्या दारावरून पाणी न पिता कुणी गेलेलं मला आठवत नाही. पोस्टमन, भंगारवाला, माझ्याकडे आलेले पाहुणे, सगळ्यांना तिच्या लोट्यातलं पाणी. कुत्र्यांना वेगळं मडकं, पाखरांना वेगळं परळ. मी मोटरसायकल उन्हात उभी केली तर ती तिच्या सीटवरही पाणी शिंपडायची. मॅडम तिच्याशी फक्त अहिराणीत बोलायच्या, आणि ती बोलताना त्यांचा आवाज निराळा, लहान मुलीचा व्हायचा. तेवढ्यापुरता त्यांचा हातही पाठीमागून सुटायचा.

मॅडम निवृत्त झाल्या, त्याला काही वर्षं झाली. एका हिवाळ्यात, दिवाळी उलटून गेल्यावर, सोनवणेचा फोन आला. कॉलेजनंतर त्यानं दोन जेसीबी घेतले होते आणि खोदकामाची कंत्राटं घ्यायचा. मॅडम गच्चीवर होत्या, मी त्यांच्या ओट्यावर बसलो होतो, म्हणून फोन अक्कानं माझ्या हातात दिला, आणि त्यानं जे सांगितलं ते मी पुढं मॅडमना सांगायचं टाळलं. मी वर जाऊन फोन नुसता त्यांच्या कानाला लावला. पठारावर पवनचक्क्या येणार होत्या. त्यांचा रस्ता नेमका त्या खोलगट तुकड्यातून आखलेला होता. जमीन मालकांनी दिलेली, परवानगी झालेली, यंत्रं सोनवणेचीच लागणार होती. तो नाही म्हणाला असता तर दुसऱ्याची लागली असती.

मॅडम त्याला नियमच सांगायला लागल्या होत्या, की ते झाड उपटायचं नसतं, हलवायचं नसतं. पलीकडून सोनवणे काय म्हणाला ते मला स्पष्ट ऐकू आलं : "मॅडम, हात मागं ठेवून आता चालणार नाही. उद्या सकाळी या. दुपारपर्यंत मी मशीन थांबवतो. त्यापुढं माझ्या हातात नाही."

दुसऱ्या दिवशी आम्ही पठारावर पोचलो तेव्हा सूर्य नुकता वर आला होता आणि जेसीबी खोलगट तुकड्याच्या तोंडाशी उभा होता. ड्रायव्हर इंजिन बंद करायला तयार नव्हता, म्हणे थंडीत पुन्हा चालू व्हायला त्रास देतं. त्या धडधडीत काही बोलायची सोयच नव्हती. गवत वाळून पिवळं झालेलं. वाघचौऱ्याची पानं त्या दिवसांत सुकून जातात, जमिनीवर काही शिल्लक नसतं. असलाच तर एखादा काळपट काडीसारखा दांडा. कुठं काय आहे हे फक्त मॅडमना ठाऊक होतं, आणि त्या हात पाठीमागे धरून नुसत्या उभ्या होत्या. सोनवणेनं घड्याळाकडे पाहिलं. मी त्याच्याकडे पाहिलं. साऱ्या आयुष्यात त्यांनी एकदाही जे केलं नव्हतं आणि दुसऱ्याला करू दिलं नव्हतं, ते करायला त्या आल्या होत्या.

"मराठी, माझं घड्याळ धरा," त्या एकदम म्हणाल्या, आणि गुडघ्यांवर बसल्या.

त्यांनी नुसता गड्डा काढला नाही. भोवतालच्या गवतासकट, मातीसकट टोपलीएवढं ढेकूळ खालून पोखरत पोखरत सोडवलं आणि घमेल्यात ठेवलं. दाई बरोबर घ्यायची होती ना. एका ढेकळाची कड सुटली तेव्हा मला आत दोन गड्डे दिसले, एक सुरकुतलेला, एक गुबगुबीत. मॅडम म्हणाल्या, "जुना यंदा संपला. पुढच्या पावसात उठेल तो नवा." दुपारपर्यंत त्यांना पाच सापडले. दांडे मोडून गेले होते, बाकीचे कुठं आहेत ते कळेना. त्या जमिनीला गाल लावून शोधत होत्या आणि जेसीबीचा ड्रायव्हर हॉर्न देत होता. मग सोनवणे जवळ येऊन उभा राहिला आणि मॅडम उठल्या. आम्ही घमेली गाडीत ठेवतोय तोवर जेसीबीचं पहिलं फावडं जमिनीत गेलं.

निघताना मॅडमनी त्याला विचारलं, "सोनवणे, ते शिक्षक दिनाचं झाड तू परत पुरलं होतंस?"

"हो मॅडम. त्याच जागी."

"उगवलं?"

"नाही, मॅडम. तुम्ही म्हटलात तेच होतं ते."

मॅडम त्याच्याजवळ गेल्या. त्यांनी मातीनं भरलेला हात त्याच्या खांद्यावर ठेवला. पांढऱ्या शर्टावर बोटं उमटली, आणि तो शर्ट न झटकता तसाच यंत्राकडे गेला. परतीच्या वाटेवर त्या मागच्या सीटवर बसल्या, एक घमेलं मांडीवर घेऊन. खड्डा आला की मला रागवायच्या.

मागच्या अंगणात भिंतीच्या सावलीत पाच कुंड्या लागल्या. मातीच्या, प्लॅस्टिकच्या नाहीत. तळाला खापराचे तुकडे, वर तिकडचाच मुरूम, तिकडचीच माती, तिकडचंच गवत. खत नाही, शेणखत तर मुळीच नाही. आणि पाणी नाही. हीच सगळ्यात कडक अट होती. गड्डा झोपलेला असतो, मृग लागून आभाळ भरून येईपर्यंत त्याला थेंब दाखवायचा नाही, नाहीतर आतल्या आत नासतो. दुसरी अट, उकरून पाहायचं नाही. "उकरून पाहणाऱ्यानं झाड लावू नये, बटाटे विकावेत," असं त्या म्हणायच्या. मी रोज भिंतीवरून त्या कोरड्या कुंड्यांकडे बघायचो आणि मला काहीच दिसायचं नाही. त्यांना दिसत असावं, कारण त्या हात मागं धरून खूप वेळ तिथं उभ्या राहायच्या.

आखाजी, म्हणजे अक्षय्य तृतीया आली. आमच्याकडे आखाजीला जो मान आहे तो दिवाळीलाही नाही. गेलेल्यांच्या नावानं नवी घागर पाण्यानं भरायची, तिच्यावर डांगर, म्हणजे खरबूज ठेवायचं, विस्तवावर नैवेद्याचा घास, म्हणजे आगारी टाकायची आणि ज्याला त्याला पाणी पाजायचं. मॅडमना पाचोऱ्याला भाच्याकडे आगारीला जावं लागलं. अक्काला उन्हाचा प्रवास झेपत नव्हता. निघताना त्या दारातून म्हणाल्या, "अक्का, त्या कुंड्यासले पानी देवानं नही बरं. निजेल शेत त्या." निजलेल्या कुंड्यांना पाणी द्यायचं नाही, यावर अक्कानं मान डोलावली. त्या दिवशी दुपारी रस्त्यावर कुत्रंसुद्धा नव्हतं, इतकं ऊन होतं.

संध्याकाळी मॅडम परतल्या तेव्हा मी फाटकाशीच होतो. पिशवी माझ्या हातात देऊन त्या आधी मागच्या अंगणात गेल्या. मी मागोमाग गेलो. भिंतीशी कुंड्या काळ्याशार ओल्या दिसत होत्या. त्यांच्या बुडातून पाणी वाहून फरशीवर ओघळ आला होता. वरच्या मातीवर अजून पाणी साचलेलं होतं. अक्का पायरीवर बसली होती, पदरानं वारा घेत, अगदी समाधानानं.

"बठ्ठासले पानी दिधं वं इंदू," ती म्हणाली. "आखाजीना दिन शे. कोनले बिगर पानीनं ठेवानं नही. आणि निजेल मानूस उठना का पयले पानीच मांगस ना?"

पाखरांचं परळ, कुत्र्यांचं मडकं आणि मग थंड झालेली अख्खी घागर कुंड्यांना. त्या वयात, त्या उन्हात, कमरेवर घेऊन. मी मॅडमच्या हातांकडे पाहिलं. मनगट इतकं घट्ट धरलं होतं की बोटं पांढरी पडली होती. ज्या बाईनं जरबेरासाठी सभागृह थांबवलं होतं, तिचा आता काय स्फोट होतो म्हणून मी पिशवी धरून उभा राहिलो.

"बरं करं, अक्का," मॅडम म्हणाल्या.

त्यांच्या तोंडून मी ऐकलेलं ते पहिलं खोटं. मग त्याच आवाजात, माझ्याकडे न बघता, "मराठी, इथं कुंड्या किती आहेत?"

मी पाहिलं. चारच होत्या.

"अक्का, पाचवी कोठे शे?"

"ती व्हय? ती वर शे ना, गच्चीवर. कुरडयासनी साडी उडी ऱ्हायंती, म्हनीसन वजनले ठेवी दिधी."

आम्ही जिना चढून गेलो. गच्चीची फरशी सूर्य मावळला तरी चपलेतून भाजत होती. जुन्या साडीवर कुरडया वाळत घातलेल्या, तीन कोपऱ्यांवर विटा आणि चौथ्यावर कुंडी. किती दिवस ती तिथं होती कोण जाणे. मॅडम रोज खाली बघायच्या, पण लग्नसराई आणि प्रवासाच्या धामधुमीत शेवटचे काही दिवस कुंड्या ना त्यांनी मोजल्या असाव्यात, ना मी. पाण्याच्या टाकीची सावली दुपारपर्यंत तिच्यावर पडत असेल, पण पुढं नाही. कुंडीला हात लावला तर चटका बसला. आतल्या मातीला भेगा गेल्या होत्या.

"चार कुजतील," मॅडम म्हणाल्या, "आणि ही भाजली असेल."

माझं बोट आपोआप त्या भेगेकडे गेलं, जरा उकरून पाहावं म्हणून.

"हात मागं, मराठी!"

ती कुंडी त्यांनी स्वतः खाली नेली. बाकीच्या चार विटांवर आडव्या करून पाणी निथळत ठेवल्या आणि अक्काला सांगितलं की मुंग्या लागल्यात. मग भिंतीपाशी येऊन मला हळूच म्हणाल्या, "तिला कळता कामा नये. तिनं जन्मभर पाणीच दिलंय हो. त्या पाण्यानं काही मेलं, हे तिला कळता कामा नये."  मला तेव्हा पहिल्यांदा त्यांची भीती न वाटता काळजी वाटली.

आठवडाभरात चारही कुंड्यांतून नासक्या बटाट्याचा वास यायला लागला. उकरायची गरजच उरली नाही. त्या पठारावरचं, निदान त्यांना माहीत असलेलं, जे काही शिल्लक होतं ते आता पाचव्या कुंडीत होतं, आणि ते आहे की नाही हे कळायला मार्ग नव्हता. उकरलं तर असलेलं मरेल, न उकरलं तर जीव टांगणीला. मॅडमनी उकरलं नाही. मी असतो तर उकरलं असतं.

त्यातच अक्काच्या पायांवर सूज आली, धाप लागायला लागली. डॉक्टरांनी सांगितलं, हृदय थकलंय, पाणी कमी करा, दिवसभरात एवढंच. एका स्टीलच्या तांब्यात दिवसाचं पाणी भरून ठेवायचं आणि त्यातूनच घोट घोट द्यायचं. ते द्यायचं काम मॅडमकडे. अक्का मागायची आणि त्या नाही म्हणायच्या, हे भिंतीपलीकडून ऐकून आमच्या गणिताच्या डोळ्यांना पाणी यायचं. रोज सकाळी अक्का खाटेवरून विचारायची, "उठनं का वं?" आणि मॅडमचं उत्तर, "नही अक्का, निजेल शे." मृग कोरडा गेला. मग पाऊस झाला. मॅडमनी पाचव्या कुंडीला ओंजळीनं थोडं पाणी दाखवलं. गवत हिरवं झालं, पण त्या गवतात दुसरं काही वर येईना. अक्काचा प्रश्न थांबला नाही. उत्तर मात्र दिवसेंदिवस हळू येऊ लागलं.

आषाढात एका सकाळी अक्काला श्वास घेता येईना. दवाखान्यात भरती करायचं ठरलं. मी गाडी दाराशी आणली, आम्ही तिला उशा लावून मागच्या सीटवर बसवलं. मॅडम मागचं दार लावायला आत गेल्या त्या येईनातच. मी हॉर्न दिला. अक्काची छाती भात्यासारखी वरखाली होत होती. मग आतून हाक आली, "मराठी!" मी धावलो.

त्या कुंडीसमोर गुडघ्यांवर बसल्या होत्या, हात मागं. गवताच्या मुळाशी तांदळाच्या दाण्याएवढं हिरवं टोक होतं.

"गवत असेल," मी म्हटलं. मला उशीर होत होता.

"गवताचा कोंब चपटा येतो," त्या म्हणाल्या. "हा गुंडाळलेला आहे. जाड आहे." आणि पुन्हा वाकून, नाक जवळजवळ मातीला लावून, त्यांनी पाहिलं. मी त्यांना घाई करणार एवढ्यात त्यांनी हात पुढं केले आणि कुंडी उचलली.

गाडीत अक्काच्या शेजारी ती कुंडी मांडीवर घेऊन त्या बसल्या. गणपती मंदिराच्या पुलावरून पांझरा नदी ओलांडताना मला आरशात दोघी दिसत होत्या. मॅडमनी अक्काचं बोट धरून त्या टोकाजवळ नेलं, टेकवलं मात्र नाही. अक्कानं डोळे बारीक करून पाहिलं. बोलायला तिला दम पुरत नव्हता, तरी बोलली.

"देख. मी पानी दिधं म्हनीसन उठनं. तू नको नको करी ऱ्हायंतीस."

मी आरशात मॅडमकडे पाहिलं. चुकीचं वाक्य होतं. धडधडीत, शास्त्राला सोडून, त्यांच्या साऱ्या आयुष्याला सोडून चुकीचं.

"हा, अक्का," त्या म्हणाल्या. "तू पानी दिधं म्हनीसनच उठनं."

अक्का त्या खेपेला घरी आली. भाद्रपदात वाघचौऱ्याला दोनच फुलं आली, पठारावरच्यापेक्षा लहान. संध्याकाळी त्याचा वास आमच्या स्वयंपाकघरापर्यंत यायचा. त्या लांब शेपटीतला मध चोखणारा पतंग देवपुरात नाही, म्हणून मॅडमनी दात कोरायच्या काडीनं एका फुलाचे पराग दुसऱ्याला लावले. अक्काची खाट मागच्या दाराशी आणली होती. ती म्हणाली, "आते तू भुंगाबी व्हयनी का वं?" आणि मॅडम हसल्या. हसताना मी त्यांना फार वेळा पाहिलेलं नाही.

थंडीत बोंड पिकलं आणि त्याच थंडीत अक्का गेली. दिवस झाल्यावर मॅडम, मी आणि सोनवणे पठारावर गेलो. रस्त्याच्या वरच्या अंगाला जे गवत शिल्लक होतं तिथं मॅडमनी ते बोंड फोडलं. बी कसलं, धूरच. वाऱ्यावर क्षणभर दिसला आणि गवतात गेला. सोनवणे म्हणाला, "मॅडम, मी लक्ष ठेवतो." मॅडम म्हणाल्या, "काही वर्षं काहीच दिसणार नाही. तरी ठेव."

पुढच्या उन्हाळ्यात त्या पाचोऱ्याला भाच्याकडे कायमच्या राहायला गेल्या. फोनवर भेटतात, अजून 'मराठी' म्हणतात. पण मला त्या आठवतात जायच्या आधीच्या आखाजीला दिसल्या तशा. मी कुरडया उचलायला आमच्या गच्चीवर गेलो होतो, आणि खाली त्यांचं अंगण दिसत होतं. अक्काच्या नावाची नवी घागर भरलेली, तिच्यावर डांगर. भिंतीशी पाचही कुंड्या. चार रिकाम्या त्यांनी का फेकल्या नव्हत्या हे मी कधी विचारलं नव्हतं. चौघींत नुसती वाळकी माती होती, हे त्यांच्याइतकं कुणाला माहीत?

मॅडमनी घागरीतून लोटा भरला. पहिल्या कुंडीत पाणी घातलं, हात वर धरून, बारीक धारेनं, अक्का घालायची तसं. मग दुसरीत. तिसरीत. चौथीत. बुडातून पाणी वाहून फरशीवर ओघळ आला. लोट्यात अजून पाणी होतं. त्या पाचव्या कुंडीपाशी आल्या, थांबल्या, लोटा खाली ठेवला आणि दोन्ही हात पाठीमागे घेतले.

"हिले नको, अक्का," त्या म्हणाल्या. "ही निजेल शे."